हळदीच्या सौद्याची नोंद, ब्राउझरमधून सर्व्हरपर्यंत : प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं काम आजपासून हातात घेतलं. नव्या हळदीची आवक वाढायच्या आत त्यांचं सौदा नोंदवायचं पान नीट करून द्यायचं आहे. सध्याचं पान पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत लिहिलेलं, मागे मायएसक्यूएल हा डेटाबेस. दिवाणजी टॅब हातात घेऊन सौद्यात उभे राहतात. लॉटचा भाव ठरला की शेतकरी, गाव, लॉट, पोती, भाव, खरेदीदार भरतात, आणि काट्यावर वजन झालं की मागाहून तेही. बटण दाबलं की अख्खं पान सर्व्हरवर जातं आणि अख्खं पान परत येतं. तोवर सौदा पुढच्या लॉटवर गेलेला असतो. मग दिवाणजी कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून ठेवतात आणि दुपारी निवांत बसून भरतात. म्हणजे टॅब आहे, पण खरी नोंद चिटोऱ्यावरच.

मालकांचं म्हणणं साधं आहे : "पान हलू नये, आणि पट्टीत चूक नको." पहिलं सोपं आहे. दुसऱ्यासाठीच सगळा खटाटोप.

पट्टी हा शेतकऱ्याच्या हातात पडणारा कागद. वजन गुणिले भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा, खाली राहते ती रक्कम. हळद शेतात आठ-नऊ महिने असते, त्यानंतर काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश. एवढं सगळं होऊन जो आकडा येतो तो माझ्या स्क्रिप्टमधून जाणार आहे, हे डोक्यात ठेवूनच काम करायचं.

सर्व्हर बदलायचा नाही, पीएचपीच ठेवायची असं ठरलं. दुकानाचं होस्टिंग तेच आहे आणि चालतंय. बदल एवढाच की पान पाठवण्याऐवजी स्क्रिप्टनं, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट कोडनं, फक्त त्या लॉटची माहिती मागच्या मागे पाठवायची. १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये एक्सएमएलएचटीटीपी आलं तेव्हापासून हे करता येतं. आता त्याच कामासाठी फेच ही ब्राउझरची नवी सोय आहे, टॅबवरचा क्रोम नवा आहे, तेव्हा फेचच वापरतो.

२० जानेवारी

पहिली नोंद फेचनं पाठवली, जेसन करून, म्हणजे रकान्यांची नावं आणि किमती ठरावीक मांडणीच्या मजकुरात बसवून. सर्व्हरवर पोस्टचा ॲरे, म्हणजे आलेले रकाने पीएचपी जिथे ठेवते ती यादी, रिकामा. पीएचपीत नव्यानं येणारे बहुतेक जण इथे अडकतात, म्हणून दुकानात पुढे जो कुणी हे सांभाळेल त्याच्यासाठी लिहून ठेवतो. पीएचपी तो ॲरे फक्त दोन प्रकारच्या मजकुरासाठी स्वतः भरते : साध्या फॉर्मचा यूआरएल-एन्कोडेड मजकूर आणि फाइल वगैरे असलेला मल्टिपार्ट. जेसन आलं तर ती हात लावत नाही. ते इनपुट स्ट्रीममधून कच्चं वाचायचं आणि आपणच उलगडायचं.

नोंद फॉर्मसारखीच पाठवणारा फॉर्मडेटा वापरला असता तर जुना कोड तसाच चालला असता. तरी जेसन घेतलं, कारण त्यात 'आकडा', 'मजकूर' आणि 'काहीच नाही' या तीन गोष्टी वेगळ्या राहतात. फॉर्मच्या मजकुरात सगळंच अक्षरं होऊन येतं.

२३ जानेवारी

जुन्या कोडमध्ये वजनाची नोंद गेट पद्धतीनं जात होती, पत्त्याच्या शेपटाला माहिती जोडून. जोडणीही नुसती अक्षरं चिकटवून केलेली. एका खरेदीदार पेढीच्या नावात & आहे. त्या चिन्हापाशी सर्व्हरला वाटतं की इथे पुढची गोष्ट सुरू झाली, आणि नाव अर्ध्यावर तुटतं. गेल्या हंगामाच्या पट्ट्यांवर ते नाव तसंच अर्धं छापलेलं दिसलं. + असेल तर त्याची मोकळी जागा होते.

एन्कोड करून, म्हणजे अशी चिन्हं आणि देवनागरी अक्षरं % च्या संकेतात बदलून, पाठवलं की हे सुटतं, पण देवनागरीचा पसारा मोठा होतो. 'हळद' ही तीन अक्षरं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाचे तीन बाइट, पत्त्यात प्रत्येक बाइटला तीन चिन्हं, म्हणजे सत्तावीस चिन्हं. शेतकऱ्याचं पूर्ण नाव आणि गाव घेतलं तर पत्ता मैलभर. शिवाय गेटचे पत्ते सर्व्हरच्या लॉगमध्ये पडून राहतात, ब्राउझरच्या इतिहासात राहतात. कुणाची हळद किती भावानं गेली हे तिथे पडून राहायचं कारण नाही. ज्यानं नोंद बदलते ते सगळं पोस्टनं, म्हणजे माहिती पत्त्यात न घालता विनंतीच्या पोटात घालून, हे पक्कं केलं. गेट फक्त यादी बघायला.

२७ जानेवारी

आज दुकानात बसून दिवाणजींसोबत नोंदी भरून पाहिल्या. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. तिसरा का चौथा लॉट भरल्यावर त्यांनी टॅब माझ्यापुढे धरला.

"हे बघा. मी भाव बरोबर घातलाय की. शून्य कुठनं आलं?"

खरंच घातला होता. त्यांचा कीबोर्ड मराठी आहे. नाव मराठीत लिहिलं की कीबोर्ड तसाच राहतो आणि भावही मराठी आकड्यांत पडतो : १४५००. माणसाला त्यात काही अडचण नाही. संगणकाचा प्रवास मात्र असा होतो. जावास्क्रिप्टला देवनागरी अंक आकडे म्हणून ओळखता येत नाहीत, ती 'हा आकडाच नव्हे' अशी खूण ठेवते. जेसनमध्ये त्या खुणेला जागा नाही, म्हणून जेसन करताना तिचं नल, म्हणजे 'काहीच नाही', होतं. पीएचपीत नलचा आकडा केला की शून्य. शून्य डेटाबेसमध्ये मुकाट्यानं बसतं, आणि पट्टीवर क्विंटलचा भाव शून्य. चार टप्पे, आणि एकाही टप्प्यावर कुणी तक्रार करत नाही. प्रत्येक जण आपल्या नियमानं बरोबरच वागतो.

'अण्णा, आकडे इंग्रजीत घालत चला' असं सांगणं हा यावरचा उपाय नव्हे. चाळीस वर्षं वहीत मराठी आकडे लिहिलेला माणूस सौद्याच्या गडबडीत कीबोर्ड बदलत बसणार नाही, आणि त्यानं का बदलावा? बदलायचं ते स्क्रिप्टनं. युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, नऊचा २४१५, सगळे ओळीनं. नेहमीच्या शून्याचा ४८. प्रत्येक अंकातून २३५८ वजा केले की झालं. एका ओळीचं काम आहे.

यातलाच एक जास्त घातक प्रकार सांगून ठेवतो. काही जण स्वल्पविराम देऊन लिहितात, १४,५००. अंक इंग्रजी असले तरी मजकुरातून आकडा काढणारं जुन्या कोडमधलं पार्सफ्लोट स्वल्पविरामापाशी थांबतं आणि १४ देतं. शून्य निदान डोळ्यात खुपतं. चौदा हा रीतसर आकडा आहे, कुठल्याही तपासणीतून तो निघून जातो. म्हणून पार्सफ्लोट काढून टाकलं. आधी स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढायच्या, मग अंक बदलायचे, मग पूर्ण मजकुराचा आकडा होतो का ते बघायचं. नाही झाला तर रकाना लाल, आणि नोंद पाठवायचीच नाही.

हीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा लिहिली. नल आलं, ऋण आलं, किंवा मालकांनी ठरवून दिलेल्या वरच्या-खालच्या मर्यादेबाहेरचा भाव आला तर ४२२, म्हणजे 'माहिती मान्य नाही' असं सांगणारा सर्व्हरचा उत्तर-क्रमांक, आणि कारण मराठीत. मर्यादा हंगामात बदलत राहणार, म्हणून ती मालकांच्याच हातात दिली आहे.

२८ जानेवारी

गावाचा रकाना. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि याच यार्डात कर्नाटकातलीही हळद येते. म्हणजे हळद कुठल्या गावची हे नोंदीत असलंच पाहिजे. जुन्या पानात तो रकाना न भरता नोंद पुढे जायची. नव्या स्क्रिप्टमध्ये न भरलेली किंमत 'अनडिफाइन्ड', म्हणजे दिलेलीच नाही अशी, असेल तर जेसन करताना तो रकाना नावासकट गळून पडतो. सर्व्हरला कळतही नाही की इथे काही विचारलं होतं. तेव्हा सर्व्हरवर आधी रकान्यांची सगळी सात नावं आली आहेत का ते बघायचं, मग त्यात काय आहे ते.

३० जानेवारी

लांबून येणाऱ्या गाड्या पहाटे यार्डात लागतात. साडेचारला उतरवलेल्या पोत्यांची आवक आदल्या दिवसाच्या तारखेला चढलेली सापडली. अण्णांना हे ठाऊक होतं. ते दर वेळी हातानं तारीख सुधारत होते.

कारण असं की स्क्रिप्ट वेळ पाठवताना ती जागतिक प्रमाणवेळेत बदलते, आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. पहाटे साडेचार म्हणजे तिकडे आदल्या रात्रीचे अकरा. जुना कोड त्या मजकुराची पहिली दहा चिन्हं तोडून तारीख म्हणून ठेवत होता. दुपारच्या नोंदींना काही होत नाही, पहाटे साडेपाचच्या आतल्या सगळ्या चुकतात. आता टॅबनं फक्त क्षण सांगायचा, तारीख सर्व्हर ठरवणार, भारतीय वेळेनं.

३ फेब्रुवारी

आजचं काम सगळ्यांत महत्त्वाचं, आणि यासाठी आधीची सगळी वेळापत्रकं मागे ढकलली तरी चालेल असं मालकांना सांगितलं.

गोदामाला पत्र्याचं छत. आत गेलं की मोबाइलची रेंज पडते, दाराशी आलं की येते. नोंद पाठवली, उत्तर आलं नाही, वेळ संपली. आता टॅबला काय माहीत आहे? फक्त एवढंच की उत्तर आलं नाही. नोंद पोचलीच नाही, की पोचली आणि उत्तर येताना वाटेत हरवलं, हे टॅबच्या बाजूनं ओळखायची कुठलीही सोय नाही. पुन्हा पाठवावी तर एकाच लॉटच्या दोन पट्ट्या व्हायची भीती, न पाठवावी तर शेतकऱ्याची नोंदच नाही. मुद्दाम दारातून आत-बाहेर करत पाठवून पाहिलं, दुहेरी नोंदी लगेच मिळाल्या.

बटण एकदा दाबल्यावर बंद करून ठेवणं हा उपाय बरेच जण करतात. त्यानं अधीर बोट थांबतं, रेंज नाही थांबत.

करायचं ते असं. नोंद पहिल्यांदा पाठवायच्या आधी टॅबनंच तिला एक स्वतंत्र खूण द्यायची, लांबलचक, यादृच्छिक, दुसऱ्या कुठल्या नोंदीला कधी मिळणार नाही अशी. ती नोंद कितीही वेळा पाठवली तरी खूण तीच. डेटाबेसमध्ये त्या खुणेवर युनिक इंडेक्स, म्हणजे तीच खूण दुसऱ्यांदा चढू न देणारा नियम. पहिल्यांदा आली की नोंद चढते आणि सर्व्हर नोंद क्रमांक परत देतो. तीच खूण पुन्हा आली तर नवी नोंद न चढवता तोच जुना क्रमांक परत. मग टॅबनं बेधडक पुन्हा पाठवावं.

'आधी शोधा, नसेल तर घाला' असं पीएचपीत लिहून भागत नाही. दोन विनंत्या एकदम आल्या तर दोघींनाही 'नाही' असंच उत्तर मिळतं आणि दोन्ही चढतात. नकार डेटाबेसनंच द्यायला हवा.

खूण तयार करायला ब्राउझरमध्ये रँडम यूयूआयडीची सोय आहे, पण ती सुरक्षित म्हणजे एचटीटीपीएस पानावरच मिळते. दुकानातल्या संगणकाच्या आयपी पत्त्यावरून साध्या एचटीटीपीनं चाचणी करताना ती नाहीच असं ब्राउझर म्हणतो. तिथे गेट-रँडम-व्हॅल्यूज ही ब्राउझरची दुसरी सोय वापरून बनवली, ते दोन्हीकडे चालतं.

पडद्यावर आता दोनच रंग. नोंद टॅबमध्ये आहे पण सर्व्हरचा क्रमांक आला नाही तोवर ओळ पिवळी. क्रमांक आला की हिरवी, आणि क्रमांक तिथेच छापलेला. मालकांना मधला 'पाठवली' असा रंगही हवा होता. तो देणार नाही म्हणून सांगितलं. पाठवली या शब्दाचा शेतकऱ्याला काही उपयोग नाही.

६ फेब्रुवारी

हिरव्या रंगाची परीक्षा लगेच झाली. सौदा चहासाठी थांबला, परत सुरू झाल्यावरच्या नोंदी पिवळ्याच राहिल्या. सर्व्हरकडून तर २०० येत होतं, म्हणजे सगळं ठीक.

पीएचपीचं सेशन, म्हणजे कोण लॉगिन आहे याची सर्व्हरवरची नोंद, आपोआप साफ व्हायची मुदत मुळात १४४० सेकंदांची असते, म्हणजे चोवीस मिनिटं. तेवढा वेळ टॅब गप्प राहिला की सेशन कधीही जाऊ शकतं. त्यानंतर नोंद पाठवली की सर्व्हर लॉगिन पानाकडे वळवतो. फेच हे वळण न सांगता घेतं, लॉगिनचं पान आणतं, आणि ते पान व्यवस्थित आलं म्हणून २०० म्हणतं. नुसता २०० बघून ओळ हिरवी केली असती तर चहानंतरचा सगळा सौदा हवेत गेला असता. आपण नोंद क्रमांकासाठी अडून बसलो होतो म्हणून वाचलो.

उलटंही लक्षात ठेवायचं. सर्व्हर कोसळून ५०० आलं तरी फेच त्याला अपयश मानत नाही. त्याच्या लेखी उत्तर आलं म्हणजे काम झालं. अपयश फक्त उत्तरच न आल्यावर.

बदल : स्क्रिप्टकडून आलेल्या विनंतीला लॉगिनकडे वळवायचं नाही, ४०१, म्हणजे 'आधी लॉगिन करा' हा उत्तर-क्रमांक, द्यायचा. टॅबवर छोटी खिडकी येते, अण्णा पासवर्ड घालतात, पिवळ्या ओळी आपोआप जातात. दुकानाच्या वेळेपुरती सेशनची मुदतही वाढवली.

१० फेब्रुवारी

संध्याकाळचा हिशोब. जुन्या पानात दिवसभराचा अख्खा तक्ता एकदम साठवायचं बटण होतं. मालकांची तक्रार अशी की ऐन हंगामात, आवक मोठी असली की, शेवटची काही नावं गायब व्हायची आणि कमी आवकेच्या दिवशी कधीच नाही. त्यांनी ते इंटरनेटवर ढकललं होतं.

पीएचपीत एका विनंतीत किती रकाने घ्यायचे याची मर्यादा असते, मुळात १०००. एका ओळीत आपले सात रकाने. १४२ ओळींचे ९९४ होतात, पुढच्या ओळीचे सहा आले की हजार भरले. म्हणजे १४३व्या ओळीत शेतकऱ्यापासून भावापर्यंत सगळं, आणि शेवटचा रकाना, खरेदीदार, कोरा. त्याच्या खालचं काहीच नाही. सर्व्हर एक इशारा लॉगमध्ये टाकतो आणि पुढे जातो. जुन्या हंगामाचे तक्ते काढून पाहिले. मोठ्या दिवसांत शेवटची ओळ नेमकी १४३वी, आणि खरेदीदार कोरा. मालक ते बघून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग जुन्या वह्या काढायला सांगितल्या. त्या दिवसांच्या नोंदी वहीवरून पुन्हा भरणार आहेत.

आता प्रत्येक लॉट स्वतंत्र जातो, जेसनमधून, त्यामुळे ही मर्यादा आडवी येत नाही. तक्ता साठवायचं बटणच काढून टाकलं.

१३ फेब्रुवारी

पट्टीची रक्कम टॅबवर दिसते ती फक्त बघण्यासाठी. जुना कोड तीच रक्कम सर्व्हरला पाठवून साठवत होता. ब्राउझरमधून जे येतं ते पाठवणाऱ्याला हवं तसं बदलता येतं, त्याला फार विद्या लागत नाही. म्हणून टॅबकडून वजन, भाव, पोती एवढंच घ्यायचं आणि हमाली-तोलाईचे दर सर्व्हरवरच्या तक्त्यातून लावून रक्कम तिथेच काढायची. नावं डेटाबेसमध्ये घालताना प्रिपेर्ड स्टेटमेंट, म्हणजे नाव हुकूम म्हणून वाचलं जाणार नाही अशी पद्धत, आणि पट्टीवर छापताना एस्केप, म्हणजे खास चिन्हं निरुपद्रवी करून. प्रत्येक पोस्टसोबत सेशनचं टोकन, म्हणजे विनंती आपल्याच पानावरून आली हे दाखवणारी खूण.

भावाचा मोठा पडदा दुसऱ्या डोमेनवर ठेवायचा विचार होता. जेसन दुसऱ्या डोमेनला पाठवताना ब्राउझर आधी ऑप्शन्स नावाची परवानगीची चौकशी करतो आणि तिला नीट उत्तर मिळालं नाही तर खरी विनंती पाठवतच नाही. एवढ्यासाठी सर्व्हरवर वेगळे नियम सांभाळण्यापेक्षा पडदा त्याच डोमेनखाली घेतला.

१७ फेब्रुवारी

टॅब बंद पडला तर? पिवळ्या ओळी पानाच्या मेमरीत होत्या, त्या गेल्या असत्या. पान बंद होताना सेंड-बीकननं, म्हणजे उत्तराची वाट न बघता पाठवणाऱ्या ब्राउझरच्या सोयीनं, पाठवून द्यायचं असं एक मत पडलं. त्याला ६४ केबीची मर्यादा आहे, ती आपल्याला पुरते, पण बीकनचं उत्तर वाचता येत नाही. क्रमांक मिळणार नसेल तर पट्टीच्या कामाला ते नको. शिवाय मोबाइलवर पान बंद होताना स्क्रिप्टला संधी मिळेलच याची खात्री नसते. नोंद भरल्याबरोबर, पाठवायच्याही आधी, ती टॅबच्या इंडेक्सडीबीत, म्हणजे पान बंद झालं तरी टिकणाऱ्या ब्राउझरच्या साठवणीत, लिहायची आणि क्रमांक आल्यावरच तिथून काढायची. बॅटरी काढून, पान जबरदस्तीनं बंद करून पाहिलं. उघडल्यावर पिवळ्या ओळी जागेवर, रेंज आली की हिरव्या.

यावर मालकांनी विचारलं की मग वही बंद करायची का. अजिबात नाही, असं सांगितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा त्यांच्या खणभागातल्या घरी ठेवलेल्या वह्या भिजून गेल्या होत्या, म्हणून त्यांना सगळं सर्व्हरवर हवं आहे. ते बरोबरच आहे. पण वही सौद्याच्या जागी असते आणि तिला रेंज लागत नाही. हा हंगाम दोन्ही ठेवायचं, आणि रोज संध्याकाळी वहीतले लॉट आणि हिरव्या ओळी ताडून बघायच्या.

२१ फेब्रुवारी

आज सबंध सौदा नव्या पानावर. अण्णा चिटोरे न घेता गेले. मध्ये एकदा ओळी पिवळ्या साचल्या, दाराशी आल्यावर गेल्या. संध्याकाळी वहीशी ताडून पाहिलं, लॉट न लॉट जुळला.

वाळवा तालुक्यातून आलेले एक शेतकरी अण्णांच्या शेजारी उभे राहून टॅबकडे बघत होते. "आमचं झालं का?" अण्णांनी ओळ दाखवली, पिवळी होती. "थांबा जरा, नंबर येऊ दे." आला. शेतकऱ्यानं खिशातून पेन काढून तो क्रमांक तळहातावर लिहून घेतला. पट्टी दुपारी मिळणारच होती, तरी. मालकांना म्हटलं, क्रमांक आला की तो शेतकऱ्याच्या मोबाइलवर संदेशानं जावा. खर्चाचं विचारलं त्यांनी, पण हो म्हणाले.

राहिलेलं : वजन अजून काट्यावरून बघून हातानं भरलं जातं. इलेक्ट्रॉनिक काट्याला सिरियल जोडणी आहे, ते वजन थेट टॅबवर आणता येतं का हे पुढच्या आठवड्यात काट्यापाशी बसून बघायचं. अण्णांनी सकाळी लवकर यायला सांगितलं आहे, हमाल यायच्या आत काटा मोकळा असतो.